फडके

मराठीच्या वर्गात 'फडके' हा शब्द उच्चारला, की गुरुजनांच्या डोळ्यांसमोर ना. सी. फडके उभे राहतात आणि आम्हां विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर परीक्षेतला हमखास येणारा प्रश्न! मराठीत लघुनिबंध रुजविणाऱ्या त्या लेखकाची क्षमा मागून प्रारंभीच सांगून टाकतो, की मी ज्या फडक्याविषयी लिहिणार आहे ते 40 सेंटिमीटर लांब, 40 सेंटिमीटर रुंद आणि फिक्या निळ्या रंगाचे आहे. ते मोटारी पुसण्याचे फडके आहे.

"या वर्षी वार्षिकात कशावर लिहितोयस?" संपादक मंडळातल्या मित्राने विचारले.

"फडक्यावर."

"वा! ना. सी. की ...?"

"मायक्रोफायबर," मी म्हणालो. तो हसला. मीही हसलो. पण हसताना मला जाणवले, की पाऊस, आई आणि गावची यात्रा यांवर मी दोन वर्षे लिहिले. मात्र ज्याच्या जिवावर माझी कॉलेजची फी भरली जाते, त्यावर एक ओळही लिहिलेली नाही. का बरे? लाज वाटत होती. आणि ती लाज फडक्याची नव्हती, एका ओरखड्याची होती.

मी माण तालुक्यातला. पावसाने आमच्याकडे पाठ फिरविलेली. म्हणून मामा वीस वर्षांपूर्वी पुण्याला आला आणि कोथरूडमधील एका सोसायटीत गाड्या पुसू लागला. बारावीनंतर मी त्याच्याकडे राहायला आलो. मामाकडे अठ्ठावीस गाड्या; त्यांतल्या आठ त्याने माझ्या हवाली केल्या. एका गाडीचे महिन्याला 500 रुपये. पहाटे पाचला तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरायचे, एक बादली पाणी आणि खांद्यावर फडकी. साडेसातला वर्गात पहिल्या बाकावर. ज्ञानाची आणि चाकाच्या काळ्या धुळीची दोन्ही चिन्हे बोटांवर घेऊन!

फडकी घरची असत. आई दर यात्रेला जुन्या लुगड्यांचे तुकडे पाठवी. शंभरदा धुऊन मऊ झालेले, हळदीच्या डागांचे ते सुती कापड. "पोरा, गाड्या पुसायला व्हतील," असा निरोप. गोधडी शिवून जे उरे ते माझ्या वाट्याला येई. इतके मऊ कापड मोटारीला दुखवील, असे कुणाला स्वप्नातही वाटले नसते.

2024 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या आठ गाड्यांत एक काळी गाडी होती. निवृत्त झालेल्या एका काकांची. आयुष्यभर स्कूटर चालवून साठीनंतर घेतलेली पहिली मोटार! ते तिला फारसे बाहेर काढीत नसत. पण रोज संध्याकाळी खाली येऊन तिच्याभोवती एक फेरी मारून जात. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी.

त्या दिवशी मला उशीर झाला होता. सहामाहीचा पेपर होता. बॉनेट पुसता पुसता फडके हातातून निसटले आणि फरशीवर पडले. शेजारी नव्या इमारतीचे काम चालू. वाळू आणि सिमेंटची धूळ पार्किंगभर. मी फडके उचलले, दोनदा झटकले आणि पुन्हा पुसू लागलो. 'कर्र' असा अगदी बारीक आवाज झाला. पाटीवर खडा घासल्यासारखा. ट्यूबलाइटच्या उजेडात नीट दिसले नाही. मोबाइलचा दिवा धरला, तेव्हा दिसले: डाव्या बाजूच्या दारावर वीतभर लांबीची पांढरी रेघ.

कुणी पाहिले नव्हते. मी पेपरला गेलो. प्रश्न कोणते होते ते आज आठवत नाही. ती रेघ मात्र उत्तरपत्रिकेच्या समासासारखी डोळ्यांसमोर होती.

तीन दिवस मी काही बोललो नाही. तीन दिवस मी रोज ती गाडी पुसली, आणि रोज तेवढा भाग वगळून पुसला. चौथ्या दिवशी काका संध्याकाळच्या फेरीला आले तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. त्यांना दारापाशी नेले, दिवा धरला आणि सांगितले.

ते वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग विचारले, "कधी झालं हे?"

"तीन दिवसांपूर्वी."

"मग तीन दिवस काय करत होतास?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे बोलण्याचे सगळे पुण्य त्या तीन दिवसांनी खाऊन टाकले होते. "उद्यापासून माझ्या गाडीला हात लावू नकोस," ते शांतपणे म्हणाले आणि निघून गेले. ते ओरडले असते तर बरे झाले असते.

मामा मात्र ओरडला. "आरं, गाडीला काय तोंड हाय व्हय सांगायला? तुला कुनी इचारलं व्हतं?" रात्रभर कुरकुरला. सकाळी न जेवता कपाटातून पैसे काढले आणि काकांच्या दारात जाऊन पॉलिशचा खर्च देऊ केला. काकांनी घेतला नाही. मामा परत आला, बादली उचलली आणि एवढेच म्हणाला, "शिकून घे. न्हाईतर हे काम सोड."

शिकण्यासाठी मी एका डिटेलिंगच्या दुकानात रविवारी बिनपगारी जाऊ लागलो. गाडी धुणे आणि डिटेलिंग यांत साधी अंघोळ आणि दिवाळीचे अभ्यंगस्नान यांच्याइतका फरक आहे, हे तेथे कळले. तेथील मुख्य कारागिराला सगळे उस्ताद म्हणत. माझी हकिकत ऐकून त्यांनी मला एका काळ्या गाडीजवळ नेले आणि टपावर दिवा धरला. प्रकाशाच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी हजारो बारीक वर्तुळे दिसू लागली. "ही सगळी पुसण्याची खूण," ते म्हणाले. "धूळ बसल्याने गाडी खराब होत नाही, ती धूळ वर फिरवल्याने होते."

मोटारीच्या रंगावर पारदर्शक लेपाचा एक थर असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. वाळूचा कण त्या थरापेक्षा कठीण. फडक्याखाली असा एक कण अडकला, की फडके हे फडके राहत नाही, पॉलिशपेपर होते. "मग लुगड्याचं कापड वाईट?" मी विचारले. माझ्या आवाजात थोडा राग असावा. आईवर कुणी आळ घेतल्यासारखे मला वाटले होते.

"कापड वाईट नाही," उस्ताद म्हणाले. "पण त्याला धूळ पोटात घेता येत नाही. ते सपाट आहे. कण वरच राहतो आणि घासत जातो. तू ते पाडलंस, झटकलंस आणि परत लावलंस. त्यात कापडाचा काय दोष?"

मग मायक्रोफायबर म्हणजे काय, ते मी समजून घेतले. आम्हां कलाशाखेच्या लोकांना विज्ञानाची थोडी भीती असते; पण हे विज्ञान रंजक निघाले. धाग्याची जाडी डेनियर या मापाने सांगतात. 9,000 मीटर लांबीच्या धाग्याचे वजन एक ग्रॅम भरले, तर तो एक डेनियर. आमच्या गावापासून दहिवडीपर्यंत ताणलेला धागा मुठीत गोळा केला आणि तो एक ग्रॅम भरला, अशी कल्पना करावी. मायक्रोफायबर त्याहूनही बारीक! 1970 साली जपानमधील तोरे या कंपनीत मियोशी ओकामोतो या शास्त्रज्ञाने अशा अतिसूक्ष्म धाग्यांपासून सुएड चामड्यासारखे कापड तयार केले. त्याच कुळातले हे पुसण्याचे फडके.

या फडक्याचा धागा पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचे द्रव्य, यांचा मिळून बनलेला असतो. तो आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कापलेल्या मोसंबीसारखा दिसतो. कारखान्यात प्रक्रिया करून त्याच्या फोडी एकमेकींपासून सुट्या करतात. या सुट्या फोडींच्या फटींत पाणी आणि धूळ शिरून बसते, पृष्ठभागापासून दूर. जे स्वस्त कापड 'मायक्रोफायबर' म्हणून विकले जाते पण ज्याच्या फोडी सुट्या झालेल्याच नसतात, ते पाणी शोषत नाही, नुसते पुढे ढकलते.

आता प्रश्न खरेदीचा. आणि खिशाचा! उस्तादांच्या दुकानातली जाड, मऊ, परदेशी फडकी पाहून माझे डोळे दिपले. किंमत ऐकून मिटले. तेव्हा स्वस्तातले पण चांगले कसे ओळखावे, याचा मी अभ्यास सुरू केला. ग. दि. माडगूळकरांच्या माणदेशातला मी. काटकसर रक्तातच आहे.

पहिल्यांदा फसलो. '800 जीएसएम' असे ठळक छापलेला चार फडक्यांचा गठ्ठा फारच स्वस्त मिळाला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. घरी येऊन विचार केला: फडके 40 बाय 40 सेंटिमीटर, म्हणजे 0.16 चौरस मीटर. 800 ला 0.16 ने गुणले तर 128 ग्रॅम वजन भरायला हवे. फडके घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो आणि काट्यावर ठेवले. 60 ग्रॅम! म्हणजे खरे जीएसएम 375. दुकानदार म्हणाला, "साखर दहा ग्रॅम कमी भरली तर आम्हांला बोल लावता, आणि हे चालवून घेता होय?" त्या दिवशी मला कळले, की गुणाकार हा केवळ शास्त्रशाखेसाठी नाही.

तरीही ते फडके मी फेकले नाही. कारण 350 ते 400 जीएसएमचे फडके रोजच्या कामाला पुरेसे असते. जाड म्हणजे चांगले, हाही एक भ्रम. काचेला पातळ आणि आखूड विणीचे बरे, कारण त्याने रेघोट्या राहत नाहीत. धुतलेली गाडी टिपायला मात्र जाड, लांब लवीचे मोठे फडके हवे. असे एक असले तरी चालते. ते घासायचे नसते, नुसते पसरून उचलायचे असते.

बाकीच्या परीक्षा अशा. पहिली हाताची. चांगले फडके कोरड्या तळहातावर फिरवले की कातडीला किंचित अडकते, मांजराच्या जिभेसारखे. माझ्या हातांना भेगा असल्यामुळे या परीक्षेत मी दुकानातल्या कुणाहीपेक्षा वरचढ! दुसरी पाण्याची. काचेवर चमचाभर पाणी सांडून फडके त्यावरून एकदाच ओढावे. काच कोरडी झाली तर पास, पाणी पुढे पळाले तर नापास. तिसरी जुन्या सीडीची. गाण्यांच्या सीड्या आता कुणी ऐकत नाही. पण त्यांचा चकचकीत पृष्ठभाग लगेच चरे दाखवतो. फडक्याचे मध्य, कडा आणि शिवण असे तिन्ही भाग त्यावर घासून उजेडात पाहावेत. माझ्या पहिल्या गठ्ठ्याचे मध्यभाग निर्दोष होते. गुन्हेगार निघाली ती कडेची ताठ दोऱ्याची शिवण आणि तिच्यावरचे टोचरे लेबल. लेबल तेवढे कात्रीने कापून टाकले आणि ती फडकी आसनांसाठी ठेवली. पुढच्या वेळी शिवणीऐवजी कडा नुसती कापलेली असेल अशी फडकी घेतली.

बारा फडकी 720 रुपयांना पडली. म्हणजे एक साठ रुपयांना. मामाने कपाळावर हात मारला. "साठ रुपयं? फडक्याला? आन् ते बी बारा?" मी वहीत हिशेब मांडून दाखवला. एक फडके शंभर धुण्या टिकले, तर एका वेळचा खर्च साठ पैसे. एका फडक्याची दोनदा घडी घातली, की पुसायला आठ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. एका बादलीतल्या त्याच गढूळ पाण्यात तेच फडके पुन्हा पुन्हा बुचकळायचे नाही. म्हणजे पाणीही कमी लागते. पाण्याचा मुद्दा मात्र मामाला लगेच पटला. माणदेशी माणसाला पैशाचा हिशेब उशिरा कळतो, पाण्याचा ताबडतोब!

आता आमच्याकडे फडक्यांची आश्रमव्यवस्था आहे. नवे कोरे फडके प्रथम रंगावर चालते. तो त्याचा ब्रह्मचर्याश्रम, सोवळ्यातला. थोडे जुने झाले की आतली आसने आणि डॅशबोर्ड, हा गृहस्थाश्रम. मग चाके, हा वानप्रस्थ. शेवटी इंजिन आणि तेलकट कामे; संन्यास. नियम एकच, संन्याशाने परत ब्रह्मचर्यात यायचे नाही. आणि जे फडके एकदा जमिनीवर पडले, ते नवे असले तरी त्याच दिवशी वानप्रस्थाला जाते. हा नियम मी केला आहे. मामा मोडू पाहतो. मी मोडू देत नाही.

धुण्याचेही सोवळे आहे. ही फडकी सुती कपड्यांबरोबर धुवायची नाहीत, कारण सुताची लव त्यांत अडकते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव टाकायचे नाही. त्याचा लेप धाग्यांवर बसून पाणी शोषणे थांबते. उकळते पाणी नाही, इस्त्री नाही. हे शेवटी प्लास्टिकच, उष्णतेने वितळायचे. रंगीत फडके पहिल्यांदा वेगळे धुवायचे, त्याचा रंग जातो का ते पाहायचे आणि सावलीत वाळवायचे.

प्लास्टिक म्हटले की मन थोडे खट्टू होते. प्रत्येक धुण्यात या फडक्यातून डोळ्यांना न दिसणारे तुकडे पाण्याबरोबर वाहून जातात आणि ते मातीत मिसळून जात नाहीत. आईचे लुगडे मात्र झिजून झिजून शेवटी मातीच झाले असते. गाडीचा लेप वाचविण्यासाठी मी नदीला काय देतो आहे, हा प्रश्न मला पडतो. म्हणून ती उगाच धूत नाही, एकदम धुतो, आणि फाटेपर्यंत वापरतो. याहून मोठे उत्तर माझ्यापाशी आज नाही.

ओरखडे कसे काढतात, तेही मी उस्तादांकडे पाहिले. मला वाटायचे, ते भरून काढतात. तसे नसते. पॉलिशने भोवतालचा सगळा थर थोडा थोडा घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. मग ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे एक चूक झाकण्यासाठी सगळ्याच पृष्ठभागाला काहीतरी गमवावे लागते. आणि ओरखडा खोल असेल तर उस्ताद हात लावत नाहीत. "राहू दे," म्हणतात, "थर संपेल."

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी पार्किंगमध्ये होतो. काका आपली गाडी स्वतःच पुसत होते. माझ्यानंतर त्यांनी कुणालाच ठेवले नव्हते. त्यांच्या हातात पिवळे, गुबगुबीत फडके होते. कडेला जाड शिवण, शिवणीवर लेबल. ते कोरड्या धुळीवर गोल गोल फिरवीत होते. मी पाहून न पाहिल्यासारखे करणार होतो. मग ते तीन दिवस आठवले.

"काका," मी म्हणालो, "लेबल काढून टाका. आणि आधी धूळ पाण्यानं जाऊ द्या. गोल नका फिरवू, सरळ ओढा."

त्यांनी वर पाहिले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. पण त्यांनी फडके उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मग कुठलं घेऊ?"

मी त्यांना सगळे सांगितले. काट्यावरचे वजन, हाताची परीक्षा, सीडी, आठ बाजूंची घडी. माझ्या गठ्ठ्यातले एक कोरे फडके दिले. ते पैसे देऊ लागले. मी साठ रुपये घेतले. फुकट दिले असते तर ती लाच झाली असती, असे का कोण जाणे वाटले. काम परत देण्याविषयी ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

आईच्या लुगड्याचा तो तुकडा माझ्या टेबलावर असतो. त्याने मी पुस्तकांवरची धूळ पुसतो. त्यात ना. सी. फडक्यांचीही आहेत.

काका आता रोज सकाळी गाडी पुसतात. आधी पाणी, मग सरळ हात. डाव्या दारावरची ती रेघ अजून तशीच आहे. त्यांनी पॉलिश करून घेतलेले नाही. तिथे आले की त्यांचा हात क्षणभर हलका होतो, आणि मग ते तेवढा भागही, न वगळता, पुसून घेतात.

— द्वितीय वर्ष, कला